भटारखान्यातल्या आचारीकाकांचा फोटो: आव्हानाला कुठला पाठवू? (खर्च ५०० रुपयांच्या आत)

एरंडवणे_अपर्णा (मंगळवार, रात्री ९:१०)
नमस्कार मंडळी. या महिन्याच्या खाद्यविषयक छायाचित्र आव्हानाचा विषय 'रांधणारा माणूस' आहे. मुदत रविवारी रात्री १२ पर्यंत. पुण्यात एरंडवण्यातल्या एका मंगल कार्यालयाच्या भटारखान्यात जिलबी घालणाऱ्या आचारीकाकांचे, त्यांना विचारून, दोन फोटो काढलेत.

फोटो १ (आडवा): काका तईवर (जिलबीच्या पसरट कढईवर) वाकलेत, हातात पिठाचं फडकं, नजर खाली. १८ मिमी, एफ ३.५, १/६०, आयएसओ ३२०० (क्रमाने: लेन्सचं झूम, छिद्र, म्हणजे आकडा लहान तितकं मोठं, शटरचा वेळ सेकंदात, उजेडाची संवेदनशीलता).
फोटो २ (उभा): काका ओट्याशी उभे, हातात झारा, थेट कॅमेऱ्याकडे बघतायत. ३५ मिमी, एफ ५, १/१००, आयएसओ ३२००.

कॅमेरा २४ मेगापिक्सलचा, क्रॉप (लहान आकाराच्या) सेन्सरवाला, लेन्स सोबत आलेली १८-५५. दोन्ही फोटो रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या मूळ कच्च्या फाइलमध्ये) आहेत. शुक्रवारी सकाळी परत जाता येईल. खर्च ५०० रुपयांच्या वर करायचा नाही. आव्हानाच्या नियमात क्रॉप (कडा कापणं), रंग आणि उजेडाची दुरुस्ती चालते, वस्तू पुसणं किंवा जोडणं चालत नाही. चुका स्पष्ट सांगा.

लेन्सवेडा
फोटो १ चा क्षण चांगला आहे, पण कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या किट लेन्सने व्यक्तिचित्र होत नाही. ५० मिमी एफ १.८ घ्या, काही हजारांत येते. मी तीच वापरतो आणि दुसरी लावावीशी वाटत नाही. मागचा सगळा पसारा विरघळून जाईल.

पेठकर_६४
त्यांनी ५०० रुपये लिहिलंय.

लेन्सवेडा
लेन्स एकदाच घ्यायची असते, दहा वर्षं वापरायची असते.

उजेडवाला
लेन्स बाजूला ठेवा, आधी फोटोत काय बिघडलंय ते बघू.

फोटो १ मध्ये फोकस झाऱ्याच्या दांड्यावर बसलाय, डोळ्यांवर नाही. कॅमेऱ्याला सगळे फोकस बिंदू मोकळे दिले की तो बहुतेक वेळा सगळ्यात जवळची वस्तू पकडतो. एकच बिंदू निवडा आणि कॅमेऱ्याच्या जवळच्या डोळ्यावर ठेवा.

दुसरं, ट्यूब बरोबर डोक्यावर आहे. त्यामुळे भुवईखाली काळे खळगे पडलेत आणि टक्कल चमकतंय. मान खाली असल्यावर डोळे सापडणारच नाहीत. शुक्रवारी ती एक ट्यूब बंद करता येते का विचारा. मागे डावीकडे दार दिसतंय, त्याचाच उजेड मुख्य धरा. चेहऱ्याच्या दुसऱ्या बाजूला, चौकटीच्या जेमतेम बाहेर, पांढरं कार्डशीट कुणाला तरी धरायला सांगा. अप्पा बळवंत चौकात मोठ्या आकाराची दोन शीट्स शंभरच्या आत मिळतील. शीट चेहऱ्यापासून दोन-अडीच फुटांवर हवं, त्याहून लांब गेलं की परतणारा उजेड जाणवतच नाही. डोळ्यात पांढरा ठिपका दिसला की शीट जागेवर आहे असं समजा.

कोथरूड_क्लिक
कार्डशीट कोण धरत बसणार? एलईडी पॅनल घ्या. मी घेतलंय, दोन तास बॅटरी चालते. पासोड्या विठोबाजवळ साधेही मिळतात.

उजेडवाला
साध्या एलईडीत कातडी हिरवट दिसते. रंग नीट यायला सीआरआय (दिव्यात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९५ च्या आसपास लागतो आणि तो दिवा ५०० मध्ये येत नाही. शिवाय भटारखान्यात वायर आणि स्टँड उकळत्या तुपाशेजारी उभे करू नयेत.

पेठकर_६४
मुळात शब्द 'जिलबी' आहे. आव्हानाच्या शीर्षकात बरेच जण 'जिलेबी' लिहितात.

मृण्मयी_औंध
दोन्ही रूपं शब्दकोशात सापडतात. फोटोकडे वळू या का?

पेठकर_६४
शीर्षकाला गुण असतात, म्हणून सांगितलं. पुण्यात पंगतीत जिलबी-मठ्ठाच म्हणतात.

सुगरण_सदाशिव
मी फोटोवाली नाही, पण जिलबीचं सांगते. काकांचं काम घाण्याघाण्याने चालतं. एका घाण्यात तई भरेपर्यंत फडकं फिरतच राहतं, तेव्हा मान वर येणार नाही, हात थांबणार नाही, आणि कुणी बोललेलंही त्यांना आवडणार नाही. कारण धार तुटली की वेढा उघडा राहतो. शेवटचा वेढा पडला की फडकं वाटीत ठेवतात आणि झारा घेतात. त्या मधल्या वेळात मान वर येते, घाम पुसला जातो. पहिल्या जिलब्या उलटायला येईपर्यंत थोडासाच वेळ असतो, चेहऱ्याचा फोटो तेव्हाच घ्या.

आणि तुपात जिलबी चमकत नाही, भोवती फेस असतो. चमक येते ती पाकातून निथळताना. झाऱ्यावर चार जिलब्या आणि खाली पाकाची तार, असं हवं असेल तर तई सोडून पाकाच्या पातेल्याशी उभ्या राहा.

लेन्सवेडा
आणि तो थोडासा वेळ पकडायला वेगवान लेन्स लागते. एफ १.८.

खडकवासला_फोकस
एफ १.८ इथे उलट अडचण करेल. क्रॉप सेन्सरवर ५० मिमी, दीड मीटर अंतर, एफ १.८ असं धरलं तर पुढून मागे स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम साडेसहा सेंटिमीटरचा येतो. काकांचे हात चेहऱ्याच्या चाळीसेक सेंटिमीटर पुढे आहेत. डोळे धरले तर हात गेले, हात धरले तर डोळे गेले. हाच पट्टा ३५ मिमी, एफ ८, हात आणि चेहऱ्याच्या मध्ये सव्वा मीटरवर फोकस धरून चाळीसेक सेंटिमीटरचा होतो. म्हणजे हात आणि चेहरा दोन्ही हवे असतील तर अपर्णाताईंची आहे तीच लेन्स पुरते.

फोटो १ मध्ये हात राक्षसी दिसतायत, तो दोष अंतराचा आहे, लेन्सचा नाही. चेहरा ८० सेंटिमीटरवर आणि हात ४० वर असेल तर हात चेहऱ्याच्या मानाने दुप्पट मोठा दिसतो. चेहऱ्यापासून दीड मीटरवर मागे सरका, तोच हात १.१ मीटरवर येतो आणि फरक एक-तृतीयांशाच्या जरा वर उरतो. आधी मागे जा, मग झूम करा.

कोथरूड_क्लिक
१/६० ला हात हलणारच. १/२५० करा आणि आयएसओ वाढवा.

खडकवासला_फोकस
ट्यूब चालू असेल तर १/२५० नको. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे चोकवाली ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. १/१०० ठेवलं की प्रत्येक फोटोत एक पूर्ण लुकलुक बसते. १/२५० ला एक फोटो उजळ, पुढचा पिवळट, कधी आडवे पट्टे. ट्यूब बंद करून दाराच्या उजेडावर काढलं तर १/२५० खुशाल ठेवा. पण मला विचाराल तर फिरणारं फडकं किंचित पुसट आणि चेहरा स्थिर, हे जास्त खरं वाटतं.

हडपसरचा_निखिल
मागचा पसारा विरघळवायला ५० मिमी घ्या.

मृण्मयी_औंध
तेच वर दोनदा येऊन गेलंय. पसारा उभं राहण्याच्या जागेनेही जातो. दोन पावलं डावीकडे सरकलं तर लाल सिलिंडर आणि कॅलेंडर दोन्ही काकांच्या पाठीमागे जातात.

रंगांबद्दल मात्र कुणी बोललं नाही आणि माझ्या मते खरी गफलत तिथेच आहे. फोटो १ मध्ये जिलबी उठावदार व्हावी म्हणून नारिंगीची तीव्रता वाढवलेली दिसते. कातडीचा रंगही त्याच नारिंगी पट्ट्यात येतो. तो स्लायडर पुढे नेला की जिलबीबरोबर काकांचा चेहराही विटेसारखा होतो. काकांची हनुवटी आणि मानेची खालची बाजू बघा, भाजल्यासारखी दिसतेय. तुपावरून परतलेला पिवळा उजेड तिथे आधीच होता, त्यात ही भर पडली.

तो स्लायडर शून्यावर आणा. व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंगाची जुळणी) काकांच्या बनियनच्या सावलीतल्या, न जळलेल्या भागावरून घ्या. मग ब्रशने फक्त जिलब्यांवर मास्क करून (तेवढाच भाग निवडून) तिथेच तीव्रता दहा-पंधराने वाढवा. हनुवटीवर वेगळा मास्क करून पिवळा थोडा उतरवा. दाराकडची निळी झाक मात्र राहू द्या, सकाळ आहे हे त्यावरूनच कळतं.

वाफाळ
दोन्ही फोटोंत वाफ दिसत नाही. खाद्यविषयक आव्हानात वाफ हवीच.

उजेडवाला
वाफ दिसायला उजेड मागून किंवा बाजूने आणि पार्श्वभूमी काळोखी लागते. पांढऱ्या टाइल्ससमोर वाफ असूनही दिसणार नाही. तुळशीबागेतून काळं कापड आणून मागे लावलं तर दिसेल, पण मग भटारखाना संपला, स्टुडिओ झाला.

सुगरण_सदाशिव
आणि जिलबीला भातासारखी वाफ नसतेच. पिठातलं पाणी निघतं तेवढीच. तईतून धूर येत असेल तर तूप जास्त तापलंय, जिलबी बाहेरून करपते आणि आत कच्ची राहते. धुराचा फोटो वाफ म्हणून लावलात तर स्वयंपाक करणारा कुणीही ओळखेल.

कोथरूड_क्लिक
तेलकट हवेसाठी लेन्सवर फिल्टर घ्या, ५८ मिमीचा. मी न लावता भज्यांच्या गाडीवर गेलो होतो, काचेवर थर बसला, शर्टाने पुसला आणि कोटिंगवर चरे पडले ते कायमचे.

खडकवासला_फोकस
फिल्टरचं माप लेन्सप्रमाणे बदलतं. १८-५५ मध्येच ५२, ५५, ५८ असे वेगवेगळे प्रकार आहेत. लेन्सच्या पुढच्या कडीवर किंवा झाकणाच्या आतल्या बाजूला आकडा असतो, तो बघूनच घ्या. थर बसला तर आधी फुंकणीने धूळ उडवा, मग लेन्सच्या कापडावर द्रावणाचे दोन थेंब घेऊन मधून कडेकडे गोल पुसा. द्रावण थेट काचेवर टाकू नका.

डिसेंबरात सकाळी बाहेर गारठा आणि आत दमट ऊब, म्हणून कॅमेरा पिशवीत बंद ठेवूनच आत न्या आणि पंधरा-वीस मिनिटांनी काढा, नाहीतर काचेवर दव धरतं. पट्टा मनगटाला गुंडाळा. गळ्यातून लोंबणारा पट्टा तईवर वाकताना आधी तुपात जातो.

पेठकर_६४
एकंदर फोटो १ च पाठवा, शुक्रवारी नीट काढून. फोटो २ पासपोर्टसारखा झालाय.

मृण्मयी_औंध
मीही १ च म्हणेन. हात दिसतात, काम दिसतं.

लेन्सवेडा
माझं मतही १ च. शक्य झालं तर लेन्स भाड्याने घ्या, पुण्यात मिळतात.

एरंडवणे_अपर्णा (शनिवार, रात्री १०:४०)
सगळ्यांचे आभार. शुक्रवारी कार्डशीट घेऊन गेले. ट्यूब बंद, दार डावीकडून, ४० मिमी, एफ ८, १/१००, आयएसओ ६४००. सुगरणताईंनी सांगितलेला मधला वेळ बरोबर सापडला, सलग चार घाण्यांना. फोकस डोळ्यावर आहे, हात प्रमाणात आहेत, सिलिंडर गेलाय.

तरी मी पहिल्या दिवशीचा फोटो २ पाठवतेय. शुक्रवारच्या सगळ्या फोटोंत काका शीट धरणाऱ्या मुलाकडे बघून खांदे आवळून उभे आहेत. नजर खाली असतानाही मान ताठ आहे. फोटो २ मध्ये झारा सैल धरलाय, अंगठा दांड्याच्या खाचेत बसलाय, आणि ते माझ्याकडे बघतायत. काकांना दोन्ही दिवसांचे दाखवले, त्यांनीही त्याच्यावरच बोट ठेवलं.

मृण्मयीताईंच्या सांगण्याप्रमाणे नारिंगी शून्यावर आणला, हनुवटीचा पिवळा उतरवला, चौकट ४:५ केली. कपाळावरचा घाम ठेवलाय. शीर्षकात 'जिलबी' लिहिलंय. खर्च कार्डशीट आणि लेन्सचं कापड मिळून ५०० च्या बराच आत बसला.

पेठकर_६४
तरीही १ ची नवी फ्रेम जास्त गुण घेईल असं माझं मत आहे.

खडकवासला_फोकस
उजव्या कडेला परातीची चकचकीत कड राहिलीय, नजर तिकडे ओढली जाते. पुसू नका, नियमात बसत नाही. तेवढ्या कडेचा उजेड एक स्टॉप (म्हणजे निम्म्यावर) उतरवा.

काकांना प्रिंट देणार असाल तर ८×१० काढा, ४:५ ची चौकट त्यात पूर्ण बसते. ८×१२ मागितलीत तर दोन्ही बाजू कापल्या जातील आणि झारा धरलेल्या हाताचा कोपर जाईल. लॅबला आव्हानासाठी लहान केलेली फाइल देऊ नका, क्रॉप केलेली मूळ मोठी द्या.

एरंडवणे_अपर्णा
कड उतरवली. ८×१० ची सोमवारी काढते, काकांचं बुधवारी त्याच कार्यालयात काम आहे.