लेकरांचा खोटा-खोटा खेळ: गरज, की पोट भरलेल्यांची चैन?

मानवत_रोड (धागाकर्ती)

नर्सरीच्या पालकसभेत ठरलं, छोट्या गटालासुद्धा रोज दोन पानं लिहायला द्यायची. आग्रह शाळेचा नव्हता, पालकांचाच होता. "नुसती खेळायलेत लेकरं, मग फी कशाची भरायलोत आम्ही?" असा एकूण सूर. परभणीहून लातूर काही लांब नाही, आणि लातूर पॅटर्नचं वारं बारावीवरून दहावी, आठवी करत आता बालवाडीत शिरलंय. मला हे पटत नाही. का ते लिहिते, तुम्ही खोडून काढा.

मैदानी खेळाबद्दल बोलत नाहीये. भातुकली, दुकान, डॉक्टर, बाहुलीचं लग्न, असल्या खोट्या-खोट्या खेळाबद्दल बोलतेय. आमच्या गल्लीत सध्या रेल्वे-रेल्वे चालू आहे. ओसरीवर खुर्च्या आणि पाट ओळीनं मांडायचे, जालन्याहून निघायचं; परतूर, सेलू, मानवत रोड, परभणी, पूर्णा, नांदेड. पाच वर्षांची एक पोरगी गार्ड. तिचा कायदा असा की स्टेशन आल्याशिवाय पाय खाली टेकवायचा नाही. परवा परतूर सुटल्या सुटल्या तिच्या धाकट्या भावाला लघवीला लागली. गडी पाय आवळून बसून राहिला, "सेलू आलं का, सेलू आलं का" करत. शेवटी तिनंच "क्रॉसिंग हाय, गाडी थांबली" असं जाहीर करून त्याला मोकळं केलं. (आपल्या मार्गावर हे कुणालाही खरं वाटेल.) हेच पोरगं जेवताना दोन घासही एका जागी बसत नाही.

व्हिगोत्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञानं (१८९६–१९३४) नेमकं यावरच बोट ठेवलं होतं. खेळात मूल आपणहून नियम पाळतं, मनात आलेलं लगेच करायचं आवरतं, कारण नियम मोडला की खेळच मोडतो. म्हणून खेळताना मूल स्वतःपेक्षा डोकंभर उंच असतं, असं तो म्हणायचा. दुसरी गोष्ट, पाटाला रेल्वेचा डबा मानायचं तर पाट विसरून डब्याचा अर्थ तेवढा डोक्यात धरावा लागतो. पुढं कागदावरच्या रेघोट्यांना 'क' मानायचं असतं, तेव्हा हेच लागतं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही ३ ते ८ वर्षांच्या टप्प्यात खेळातून शिकण्यावरच भर आहे. मग ही दोन पानं कशाच्या भीतीनं?

आधी_वाचन

ताई, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी-सातवीला शिकवतो. जोडाक्षर आलं की अडणारी पोरं दरवर्षी माझ्या वर्गात येतात. त्यांना भातुकली कमी पडली होती असं मला तरी दिसलं नाही. गावात दिवसभर खेळतच होती की!

खेळ शिकवावा लागत नाही. वाचन शिकवावं लागतं. ज्यांच्या घरात पुस्तकं आहेत, आई-बाप रात्री गोष्ट वाचून दाखवतात, त्यांची लेकरं शाळेत नुसती खेळली तरी चालतंय. बाकीच्यांना अक्षर भेटतं ते शाळेतच. "खेळू द्या हो" म्हणणारे बहुतेक जण पहिल्या गटातले असतात, रागावू नका.

दुधना

सरांशी सहमत. आणि आमच्या घरचा खोटा-खोटा खेळ म्हणजे मोबाईल समोर धरून "सबस्क्राइब करा" म्हणणं. त्यानं कसला विकास होतोय कोण जाणे.

आकडेमोड

मी दोन्ही बाजूंचा नाही, पण धाग्यात दावा मोठा आणि पुरावा बारीक आहे. २०१३ साली अँजेलिन लिलार्ड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावरचं तोवरचं संशोधन एकत्र तपासलं. त्यांचा निष्कर्ष: कल्पक खेळ*मुळेच* मुलांचा विकास होतो असं ठामपणे म्हणण्याइतका पुरावा नाही. तीन शक्यता उरतात. एक, खेळ खरंच आवश्यक आहे. दोन, तो अनेक वाटांपैकी एक वाट आहे. तीन, हुशार आणि बोलकी मुलं असा खेळ जास्त खेळतात, म्हणजे खेळ हा नुसता सोबती. बऱ्याच अभ्यासांत प्रयोग करणाऱ्यालाच माहीत होतं कोणतं मूल कोणत्या गटातलं, मग मोजमापावर भरवसा किती ठेवायचा?

आणि मारिया माँटेसरींचं काय? बालशिक्षणात त्यांचं नाव सगळे घेतात, पण खोट्या चुलीपेक्षा खरं काम त्यांना पसंत होतं. खरी भांडी धुणं, खरी भाजी चिरणं. त्यांच्या निरीक्षणात मुलांनी खेळणी बाजूला ठेवून तेच निवडलं. तुमची गार्ड पोरगी खऱ्या स्टेशनावर वेळापत्रक वाचायला शिकली तर वाईट काय?

मानवत_रोड

पुरावा बारीक आहे, मान्य. पण तुम्ही अर्धंच सांगितलंत. त्याच लेखात लिलार्डबाईंनी हेही लिहिलंय की हातानं करून पाहण्याच्या, मुलाच्या कलानं चालणाऱ्या पद्धती लहान मुलांसाठी आजवर माहीत असलेल्यांत सगळ्यात चांगल्या. म्हणजे कल्पक खेळाचं श्रेय कमी केलं तरी दोन पानांच्या बाजूनं तो लेख साक्ष देत नाही. शिवाय भाषा आणि गोष्ट रचणं याबाबत त्यांनी शक्यता खुली ठेवली आहे.

२०१७ चा एक अमेरिकन प्रयोगही आहे. चार आणि सहा वर्षांच्या मुलांना दहा मिनिटांचं कंटाळवाणं काम दिलं, मध्येच उठून टॅबवर खेळायची मुभा. ज्यांना बॅटमॅनसारखं आवडतं पात्र होऊन काम करायला सांगितलं ती सगळ्यात जास्त वेळ टिकली. आमच्या सेलूवाल्याची गोष्ट यापेक्षा वेगळी काय आहे?

आकडेमोड

दहा मिनिटांचा परिणाम आहे तो. दहा वर्षांचा नव्हे.

फडावरची

मी पाच-सहा हंगाम ऊसतोड कामगारांच्या लेकरांना शिकवलंय, म्हणून लिहिते. धारूर-वडवणीकडची ही कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात ती उन्हाळा लागता लागता परततात. लेकरं कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत. "पोट भरलेल्यांची चैन" हे शीर्षक वाचून हसू आलं. खेळणं म्हणून पाचट, चिपाड आणि दगड, आणि तरी सगळ्यात भारी खेळ मी तिथंच पाहिले.

एक सांगते. दोन दगड म्हणजे बैल, चिपाडाची गाडी, वाढ्याची (उसाच्या शेंड्यांची) मोळी. एक पोरगा मुकादम, म्हणजे उचल (आगाऊ पैसे) देऊन मजूर आणणारा. त्यानं सहा वर्षांच्या पोरीला विचारलं, "उचल घेतली ना? मंग चल गाडी भर." ती म्हणाली, "माझी बाळंतीण उठली नाय अजून." पोरगा गप्प. मुकादमानं यावर काय बोलायचं, ते त्याला ठाऊक नव्हतं. मग पोरीनंच सुचवलं, "तू म्हण, आजच्या दिस राहू दे." त्यानं तसं म्हटलं. दोघंही खूश, खेळ पुढं सुरू.

आता यातलं मला कळतं ते एवढं: ती पोरगी स्वतःच्या बाजूनं तर बोललीच, वर समोरच्याचं वाक्यही तिनंच रचून दिलं. मुकादमाच्या डोक्यात शिरून त्याला वेगळं वागवलं. वर्गात हीच पोर विचारलं तर मान खाली घालायची.

आधी_वाचन

ताई, गोष्ट चांगली आहे. पण मला ती उलटीकडून दिसते. लेकरू मुकादम-मुकादम खेळतंय म्हणजे त्याच्या डोळ्यापुढं दुसरं काही नाहीच. मागच्या पिढीनं कोयता धरला, ह्यानं चिपाडाचा धरला. कल्पना करायलाही आधी काही पाहिलेलं, वाचलेलं लागतं. त्याला बाकीचं जग दाखवायचं तर वाचायला आलंच पाहिजे. मी त्यासाठीच भांडतोय.

फडावरची

सर, त्यावर भांडण नाही. वाचायला मीही शिकवायचे. पण कसं, ते ऐका. त्याच खेळात त्यांना पावत्या लागायच्या. गाडीचा नंबर, किती टन, कुणाची खेप. "म्याडम, पावती लिहून द्या" म्हणून लेकरं माझ्यामागं. मग मी देणं बंद केलं, म्हटलं तुमची तुम्ही लिहा. पाटीवर जे अक्षर महिनाभर नको होतं ते पावतीवर हवं झालं. तुमच्या जोडाक्षरापर्यंत मी त्यांना नाही नेलं, हंगाम संपला की सगळी पांगली. पण खेळ आणि वाचन अशी समोरासमोर उभी करायची तुम्हाला का गरज पडायली?

आधी_वाचन

कारण शाळेच्या तासाला साठ मिनिटंच असतात. आणि पावत्या लिहून घेणारी बाई प्रत्येक बालवाडीत नसते. नसली की "खेळातून शिक्षण" म्हणजे लेकरं एकीकडं, बाई रजिस्टर भरतायत दुसरीकडं. मी ते डोळ्यांनी पाहिलंय.

सीताफळ

अंगणवाडी सेविका आहे, सरांना उत्तर देणं भाग आहे. रजिस्टर आम्ही हौसेनं भरत नाही. पोषण आहार, वजनं, लसीकरण, गृहभेटी, मोबाईलमधली माहिती, हे सगळं करून लेकरं. खोली एक. खेळण्यांचा संच आला की तपासणीच्या भीतीनं काही ठिकाणी कुलपात जातो, हरवला तर जबाबदारी आमची.

माझ्याकडं खेळाचा कोपरा आहे तो जुनी साडी, रिकामे डबे, तुटका वजनकाटा आणि एसटीची जुनी तिकिटं एवढ्यावर. रोज मी त्यात थोडा वेळ गिऱ्हाईक होऊन बसते, "साखर महाग लावली का गं?" विचारते आणि उठते. जास्त बसलं की लेकरं माझ्याच तोंडाकडं बघत राहतात, खेळ मरतो. आकडे वजनकाट्यावर येतात, ते मला वेगळे शिकवावे लागत नाहीत. पण चाळीस लेकरांत दोघा-तिघांना खेळात कोणी घेत नाही. त्यांच्यासाठी काय करायचं, हे या धाग्यात कुणी लिहिलं नाही.

दुधना

त्यांना गिऱ्हाईक करा ताई. दुकानदार व्हायला भांडणं होतात, गिऱ्हाईक कुणालाच व्हायचं नसतं.

सीताफळ

करून बघते.

आकडेमोड

धागाकर्तीला एक व्यवहाराची सूचना. शाळेला अर्ज देणार असाल तर "चार वर्षांच्या मुलांना गृहपाठ नको" एवढंच लिहा. "खेळानं बुद्धी वाढते" लिहाल तर माझ्यासारखा एखादा पालक उठेल आणि सभा त्यावरच संपेल.

मानवत_रोड

पहिलं वाक्य घेते. दुसरं काढते, पण त्याच्या जागी सेलूच्या क्रॉसिंगचा किस्सा टाकते. त्यावर उठून कोण काय बोलतंय ते बघू. आणि सर, तुमच्या सातवीच्या पोरांना आमच्या रेल्वेची तिकिटं लिहायला बसवा एकदा, जोडाक्षरांसकट. 'पूर्णा'पासून सुरुवात करा.