ग्लिओब्लास्टोमाच्या उपचारांत जोडीला जुन्या गोळ्या : कामातून कळलेलं

ग्लिओब्लास्टोमा म्हणजे मेंदूतली कॅन्सरची गाठ. टेमोझोलोमाइड (केमोची कॅप्सूल) आणि रेडिएशन चालू असताना जंताची गोळी, मेटफॉर्मिन (शुगरची), स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची), डॉक्सिसायक्लिन (अँटिबायोटिक) असलं काही जोडीला द्यावं का, हा प्रश्न घरोघरी पडतो. ज्यांच्या हाताखालून या औषधांच्या चिठ्ठ्या रोज जातात त्यांनी लिहावं, असं ठरवून जमवलेल्या या नोंदी. अमक्याला गुण आला, तमक्याला नाही, हे नको. वेळा, मात्रा, रिपोर्ट आणि घोळ, एवढंच.

औषध दुकानातून
आधी मुख्य उपचारांची चौकट. रेडिएशनच्या 30 बैठका, एकूण 60 ग्रे (रेडिएशनचं माप). तेवढे दिवस टेमोझोलोमाइड रोज, शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला 75 मिग्रॅ. मग साधारण महिनाभर विश्रांती आणि पुढे 28 दिवसांच्या चक्रात 5 दिवस 150 ते 200 मिग्रॅ, त्याच हिशोबाने. कॅप्सूल उपाशीपोटी, अख्खी गिळायची, फोडायची नाही. उलटीचं ओन्डान्सेट्रॉन साधारण तासभर आधी.

मेबेंडाझोलचं, म्हणजे जंताच्या गोळीचं, नेमकं उलटं. तुपातेलाचं जेवण सोबत असेल तरच ते बऱ्यापैकी शोषलं जातं. त्यामुळे टेमोझोलोमाइड झोपताना असेल तर दोन्ही एकत्र उरकता येत नाहीत. फिटसाठी फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन चालू असेल तर मेबेंडाझोलची रक्तातली पातळी घसरते, लेव्हेटिरासिटॅमने नाही. म्हणून कुणी फिटची गोळी परस्पर बदलू नये, ते काम न्यूरोलॉजिस्टचं.

चाचण्यांच्या कामातून
जंताच्या गोळीबद्दल बोलायचं तर मुंबईच्या टाटा मेमोरियलचे आकडे समोर आहेत. आजार उलटलेले 88 रुग्ण, मेबेंडाझोल एका गटात टेमोझोलोमाइडबरोबर, दुसऱ्यात लोमस्टीन या दुसऱ्या केमोच्या औषधाबरोबर. 9 महिन्यांनी 55 टक्के हयात असावेत असं उद्दिष्ट होतं, आले 36.6 आणि 45. निष्कर्ष 2022 साली छापून आले. डायसल्फिराम (दारू सोडवण्याची गोळी) आणि तांब्याची नॉर्वे-स्वीडनमधली चाचणी 2023 ची. हयातीत फरक नाही, त्रास मात्र जास्त. जर्मनीतल्या उल्मची नऊ औषधांची ‘कस्प-नाइन’ चाचणी फार फिरते, पण ती 10 जणांवर झाली, औषधं झेपतात का एवढंच पाहायला. नऊच्या नऊ गोळ्यांची यादी उतरवून घेणाऱ्यांना हा तपशील सहसा कुणी सांगत नाही.

केमो डे-केअरमधून
रेडिएशनच्या काळात सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) दर आठवड्याला. नवं चक्र सुरू करायला न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) किमान 1500, प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) 1 लाख. एलएफटी, म्हणजे लिव्हरची तपासणीही सोबत, कारण मेबेंडाझोल जास्त मात्रेत लिव्हरची एन्झाइम्स वाढवतं आणि पांढऱ्या पेशीही उतरवू शकतं. एकदम चार गोळ्या सुरू केल्या आणि काउंट पडले, तर दोष कुणाचा? कळत नाही, आणि मग पुढे ढकललं जातं ते टेमोझोलोमाइडच. म्हणून एका वेळी एकच गोळी, दोन आठवडे थांबून, रक्त बघून मग दुसरी. तीही ऑन्कोलॉजिस्टने होकार दिल्यावर.

मेटफॉर्मिन 500 मिग्रॅ जेवणाबरोबर, ही नेहमीची सुरुवात. डेक्सामेथासोनने (मेंदूची सूज उतरवणारं स्टेरॉइड, ‘डेक्सा’) शुगर चढलेली असते. सोबत ग्लिमेपिराइड (शुगर उतरवणारी गोळी) किंवा इन्सुलिन असेल तर डेक्सा कमी करताना तीच मात्रा जड होते आणि शुगर एकदम खाली येते. पेशंट सुस्त पडला की घरच्यांना वाटतं गाठ वाढली. आधी बोटातून शुगर तपासा. उलट्या-जुलाब लागले तर मेटफॉर्मिन थांबवायचं आणि क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) बघायचं.

पुन्हा औषध दुकानातून
राहिलंच. इट्राकोनाझोल या बुरशीवरच्या कॅप्सूललाही जोडीला घेतलं जातं; तिला पोटात आम्ल लागतं. स्टेरॉइडबरोबर आम्ल कमी करणारं पँटोप्राझोल चालू असतंच, मग कॅप्सूल वाया. शिवाय इट्राकोनाझोल डेक्साची पातळी वाढवतं आणि स्टॅटिनबरोबर स्नायूंची नासाडी करू शकतं. क्लोरोक्विन (मलेरियाची गोळी) आणि ओन्डान्सेट्रॉन दोन्ही ईसीजीतला क्यूटी लांबवतात, म्हणजे हृदयाचे ठोके बिघडू शकतात. डॉक्सिसायक्लिन दूध-कॅल्शियमबरोबर नाही, आणि गिळून अर्धा तास तरी आडवं व्हायचं नाही, अन्ननलिकेला जखम होते. ॲस्पिरिन? प्लेटलेट खाली असताना विषयच नको.

डायसल्फिराम घेणाऱ्यांनी दारू टाळलेली असते, पण द्राक्षासव, दशमूलारिष्ट, काही खोकल्याची सिरप राहून जातात. त्यांतही अल्कोहोल आहे.

लिव्हरच्या ओपीडीतून
कोविडच्या काळात गुळवेलीच्या काढ्याने लिव्हर बिघडलेल्या केसेस मुंबईतल्या डॉक्टरांनी नोंदवल्या. एलएफटी चढलं की काढा, चूर्ण, भस्म सगळं विचारा. ‘ते काय औषध थोडंच आहे’ म्हणून सांगितलंच जात नाही.

एमआरआय विभागातून
रेडिएशन संपल्यावर पहिल्या तीनेक महिन्यांत एमआरआयमध्ये गाठ फुगलेली दिसू शकते आणि काही न बदलता नंतर ओसरते. हिला स्यूडोप्रोग्रेशन म्हणतात. याच काळात नवी गोळी सुरू केली असेल तर आधी दोष तिच्यावर जातो, नंतर श्रेयही. दोन्ही फुकटचं.

डे-केअरमधून, शेवटचं
यादी कागदावर करा : औषध, मात्रा, वेळ, सुरू केल्याची तारीख, कुणी लिहून दिलं. काढे-चूर्णंही त्यातच. फाइलच्या पहिल्या पानावर लावा, मोबाइलमध्ये नको. रात्री फिट येते तेव्हा मोबाइल पेशंटच्या पासवर्डने लॉक असतो.