कायदे कौन्सिल, विधान परिषद, विधिमंडळ : १८६२ च्या सभेला काय म्हणावे?

शंका : नाना शंकरशेठ यांच्याविषयी वाचताना एका ठिकाणी ते मुंबईच्या ‘कायदे कौन्सिलात’ होते असे आढळले, तर दुसऱ्या ठिकाणी ‘विधान परिषदेत’ होते असे. या दोन संस्था वेगळ्या होत्या काय? आणि तिला ‘विधिमंडळ’ म्हटले तर चालेल काय?

उत्तर : संस्था एकच होती. तरीही माझ्या मते तिच्यासाठी ‘कायदे कौन्सिल’ हाच जुना शब्द राखावा, कारण ‘विधान परिषद’ म्हटले की आजच्या वाचकाच्या डोळ्यांसमोर विधानसभेच्या जोडीचे वरिष्ठ सभागृह उभे राहते, आणि १८६२ मध्ये मुंबई इलाख्यात ना विधानसभा होती, ना कोणताही मतदार. १८६१ च्या कायद्याने एवढेच केले, की कायदे करण्यापुरते गव्हर्नरच्या कार्यकारी कौन्सिलात काही जादा सभासद बसवण्याची मुभा दिली. अॅडव्होकेट जनरलखेरीज हे जादा सभासद चार ते आठ असत, त्यांतले निदान निम्मे बिनसरकारी असावे लागत, मुदत दोन वर्षांची असे, आणि नेमणूक सर्वस्वी गव्हर्नरच्या हाती. २२ जानेवारी १८६२ रोजी गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या अध्यक्षतेखाली मुंबईच्या टाउन हॉलमध्ये पहिली बैठक भरली, तेव्हा नाना शंकरशेठ आणि माधवराव विंचूरकर हे असेच नेमलेले सभासद होते. पुढ्यात आलेल्या विधेयकापलीकडे बोलण्याची मुभा नव्हती. सरकारला प्रश्न विचारता येत नव्हता, अंदाजपत्रकावर चर्चा होत नव्हती. ‘मंडळ’ या शब्दात जी स्वतंत्र, स्वतःच्या पायावर उभी असलेली संस्था अभिप्रेत असते, ती येथे नव्हतीच. गव्हर्नरची कौन्सिल काही दिवस थोडी मोठी होऊन बसे, इतकेच. म्हणून ‘विधिमंडळ’ हा शब्दही त्या काळाला सैल बसतो.

पुढची शंका : मग लोकमान्य टिळक १८९५ मध्ये कौन्सिलात ‘निवडून आले’ असे लिहिले जाते, ते चूक मानावे काय?

उत्तर : चूक नाही, पण या शब्दामागची गोष्ट जाणून घेण्यासारखी आहे. १८९२ च्या कायद्याने मुंबईच्या जादा सभासदांची संख्या आठ ते वीसपर्यंत नेली, अंदाजपत्रकावर चर्चा करण्याचा आणि प्रश्न विचारण्याचा हक्क दिला. मात्र ‘निवडणूक’ हा शब्द त्या कायद्यात जाणीवपूर्वक येऊ दिला नाही. मुंबई महापालिका, विद्यापीठ, दख्खनचे सरदार, लोकल बोर्डे अशा संस्थांनी नावाची ‘शिफारस’ करायची आणि गव्हर्नरने ती व्यक्ती ‘नेमायची’, अशी रचना होती. टिळक मध्य विभागातील लोकल बोर्डांच्या मतांनी आले. कायद्याच्या भाषेत ते नेमलेले सभासद होते, लोकांच्या भाषेत निवडून आलेले, आणि या बाबतीत लोकांची भाषाच वस्तुस्थितीला अधिक जवळची होती असे मला वाटते. कारण मते खरोखर पडली होती. ‘सरकारनियुक्त’ आणि ‘लोकनियुक्त’ ही जोडी मराठीत रुजली, तिचे मोल येथे कळते. कायद्याने जो भेद झाकला, तो मराठीने उघड बोलून दाखवला.

तथापि लोकनियुक्त सभासद थोडे आणि सरकारी मते अधिक, हे चित्र बदलले नव्हते. १९०१ मध्ये जमीन महसुलाच्या कायद्यातील दुरुस्तीचे विधेयक आले, तेव्हा ते लांबणीवर टाकावे ही सूचना फेटाळली गेली आणि फिरोजशहा मेहता, गोपाळ कृष्ण गोखले व त्यांचे काही सहकारी उठून गेले. आज ‘सभात्याग’ हा शब्द रोजच्या बातम्यांत येऊन गुळगुळीत झाला आहे; त्या दिवशी, मतदानात जिंकण्याची कोणतीच शक्यता नसलेल्या सभासदांपाशी, तेवढाच एक मार्ग उरला होता.

‘विधिमंडळ’ हा शब्द मी १९१९ च्या कायद्यानंतरच्या कौन्सिलासाठी मान्य करीन. त्या कायद्याने बहुसंख्य सभासद लोकनियुक्त झाले आणि शिक्षण, आरोग्य यांसारखी ‘सोपीव’ खाती कौन्सिलाला जबाबदार असलेल्या मंत्र्यांकडे आली. अर्थ, पोलीस अशी ‘राखीव’ खाती गव्हर्नरकडेच राहिली. हीच द्विदल राज्यपद्धती. ‘विधान परिषद’ हा शब्द मात्र १९३७ पासून लावावा, कारण १९३५ च्या कायद्यानुसार मुंबईत १७५ सभासदांची विधानसभा आली आणि कौन्सिल हे नाव दुसऱ्या, लहान सभागृहाकडे गेले. इंग्रजी नाव तेच राहिल्यामुळे भाषांतरात दोन्ही काळ एक होतात; आपल्या शंकेचे मूळ येथे आहे.

आणखी एक : ‘नामदार गोखले’ यातील ‘नामदार’ हे कौन्सिलाच्या सभासदाला लावले जाणारे मानाचे उपपद होय. आज मंत्र्यांच्या नावाआधी जे ‘ना.’ छापले जाते, ते याच शब्दाचे संक्षिप्त रूप आहे.