काचबिंदूचं खापर वजनावर फोडणं बरोबर आहे का?

सांजवात (धागाकर्ती):
आईला काचबिंदू निघाला. ती स्थूल आहे, म्हणून जो तो सांगतोय, "वजन उतरव, डोळ्याचं प्रेशर आपोआप उतरेल." तिला ते इतकं पटलं की दोन आठवडे थेंबच घातले नाहीत. मला हा सल्ला घातक वाटतो. वजनाबरोबर डोळ्यातला दाब थोडा वाढतो, हे मान्य. पण दाब म्हणजे काचबिंदू नव्हे. 10 ते 21 मिमी पारा हा दाब सर्वसाधारण धरतात, तरी त्या मर्यादेतही कित्येकांची डोळ्याची नस सुकत जाते, आणि काचबिंदू तो हाच. रॉटरडॅमच्या मोठ्या अभ्यासात तर स्थूल स्त्रियांचा दाब जास्त असूनही काचबिंदूचा धोका कमी दिसला.

पायवाट:
असहमत. ते वाचून कुणी निर्धास्त राहिलं तर? वजनाबरोबर मधुमेह येतो, रक्तदाब येतो, झोपेत श्वास अडकतो. या तिन्हींचा काचबिंदूशी संबंध अनेक अभ्यासांत आढळलाय. वजनाला मोकळं सोडू नका.

काजवा:
मी डोळे तपासण्याचं काम करते. यंत्रावर हनुवटी टेकवताना पोट सुटलेल्या माणसाला पुढे रेलावं लागतं, नकळत श्वास रोखला जातो आणि आकडा फुगतो. घट्ट कॉलरनेही तेच होतं. त्यामुळे मी आधी खुर्ची सरकवते, श्वास सोडायला सांगते, मगच मोजते.

सांजवात:
@पायवाट, मधुमेहासाठी वजन उतरवा, कोण नको म्हणतंय! पण अगदी कृश माणसांतही काचबिंदू जास्त आढळल्याचे अभ्यास आहेत. मेंदूभोवतीच्या द्रवाचा दाब डोळ्याच्या नसेला मागून आधार देतो. कृश माणसांत तो कमी असतो, म्हणून नस जास्त ताणली जाते, असा एक तर्क आहे. मग त्यांना काय वजन वाढवायला सांगायचं?

पायवाट:
हा मुद्दा मला माहीत नव्हता. काचबिंदूचं कारण म्हणून वजन पुढे करणं मी मागे घेतो. चालण्याचा आग्रह मात्र सोडणार नाही, भरभर चालल्यावर दाब काही काळ उतरतो. फक्त शीर्षासन नको, त्यात तो दुपटीच्या आसपास जातो.

काजवा:
आणि गेलेली नजर परत येत नाही हो. आईंचे थेंब सुरू झाले का?

सांजवात:
कालपासून. रात्रीचा थेंब मीच घालते, मग ती डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं दाबून धरते.