‘चार्ज’ म्हणजे नेमका कोणता भार?

मोबाइल ‘चार्ज’ होतो, पाहुणा गेल्यावर हॉटेल ‘चार्ज’ लावते, न्यायालयात ‘चार्ज’ ठेवला जातो आणि बदली झालेला अधिकारी ‘चार्ज’ देऊन निघतो. ही चारही कामे एकाच शब्दाकडे कशी आली, हे पाहायचे तर त्याच्या मुळाशी जावे लागते. लॅटिनमधील ‘कार्रुस’ म्हणजे मालगाडा. त्यावरून गाड्यावर माल लादणे या अर्थाचे क्रियापद तयार झाले आणि ते जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत पोहोचले. ‘कार’ आणि ‘कार्गो’ याच कुळातले; व्यंगचित्राला ‘कॅरिकेचर’ म्हणतात, तेही रेषेवर अतिशयोक्ती लादण्यामुळेच.

लादण्याचा हा धागा हाती धरला की बरेचसे अर्थ उलगडतात. बंदुकीत दारू भरणे, ग्राहकावर रक्कम बसवणे, आरोपीवर दोष ठेवणे आणि कोणावर जबाबदारी सोपवणे या सर्वांत कोणीतरी कोणावर काहीतरी ठेवत असतो. विजेच्या बाबतीत, 1747 च्या सुमारास बेंजामिन फ्रँकलिन यांनी वीज हा एक प्रवाही पदार्थ मानून त्याच्या आधिक्याला धन आणि उणिवेला ऋण म्हटले. प्रवाही पदार्थाची ती कल्पना पुढे टिकली नाही, पण भरण्याचा अर्थ शब्दाला चिकटून राहिला. मराठीनेही ‘भार’ या शब्दाकडून जवळजवळ हेच काम करून घेतले आहे, याची गंमत वाटते: कार्यभार, अधिभार, विद्युतप्रभार. शुल्काच्या अर्थी मात्र आपण ‘आकार’ आणि ‘आकारणी’ वापरतो, आणि ते योग्यच आहे.

अडचण येते ती बारकाव्यांत. ‘प्रभारी’ म्हटले की मराठी वाचकाला तात्पुरती नेमणूक आठवते. इंग्रजीतील ‘इन चार्ज’मध्ये तात्पुरतेपणा मुळीच नाही, म्हणून तेथे ‘प्रमुख’ किंवा ‘जबाबदार’ लिहिणे मला अधिक सुरक्षित वाटते. त्यातही ‘इन चार्ज ऑफ’ आणि ‘इन द चार्ज ऑफ’ यांत एका ‘द’मुळे बाजू उलटते. दाई बाळाच्या बाबतीत ‘इन चार्ज’ असते, तर बाळ दाईच्या ‘इन द चार्ज’ असते. जुन्या वळणाच्या इंग्रजीत तर त्या बाळालाच दाईचा ‘चार्ज’ म्हणतात. तेथे ‘भार’ लिहिले, तर बिचारे मूल ओझे ठरते.

शब्दयोगी अव्ययानेही असाच फरक पडतो. ‘चार्ज्ड विथ’ म्हणजे एखाद्या गुन्ह्याचा आरोप ठेवलेला, तर ‘चार्ज्ड फॉर’ म्हणजे एखाद्या गोष्टीचे पैसे आकारलेला. चोरीच्या बातमीत यांची अदलाबदल झाली की वाक्य विनोदी होते.

शत्रूवर तुटून पडण्याचा अर्थ मात्र लादण्याच्या धाग्यात सहज ओवता येत नाही. तेथे ‘चढाई’ किंवा ‘हल्ला’ हेच शब्द घ्यावेत. ‘लाठीचार्ज’साठी ‘लाठीमार’ आहेच.

‘डिस्चार्ज’मध्ये हेच लादलेले उतरते: रुग्ण घरी जातो, बॅटरी रिकामी होते, ऋण फिटते. न्यायालयाच्या संदर्भात मात्र त्याचे भाषांतर ‘निर्दोष सुटका’ असे करू नये, कारण ती सुनावणीअंती होते. पुरेसा आधार नसल्याने खटला उभा राहण्याआधीच आरोपीला मोकळे केले जाते, तेव्हा ‘दोषमुक्त’ हा रूढ शब्दच वापरावा.