सरकारी शाळेत पहिलीची जागा संपली म्हणे, आता पोरीला घालायचं कुठं?

खानापूर_रोड_पालक
आम्ही बेळगावात खानापूर रोडच्या बाजूला राहतो. मुलगीला एप्रिलमध्येच सहा पूर्ण झाली, म्हणजे १ जूनला सहा वर्षं ही कर्नाटकातली पहिलीची अट आरामात बसते. घरापासून चालत जाण्यासारखी सरकारी शाळा आहे, तिथं मराठी वर्ग आहेच आणि आता पहिलीपासून इंग्रजीचा वर्ग पण चालतो. इंग्रजीला नाव घालायला गेले तर हेडमास्तरांनी रजिस्टर उघडून पुढं ठेवलं, तिसाव्या नावाखाली लाल शाईची रेघ मारलेली. म्हणाले, मॅडम फुल्ल झालं, मराठीला पाहिजे तर आत्ता घेतो नाहीतर प्रायव्हेट बघा. माझ्या मागं अजून दोन आया उभ्या होत्या, त्यांनाही तेच उत्तर.

माझं म्हणणं सरळ आहे, सरकारी शाळेनं "फुल्ल" म्हणायचंच नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी तीस मुलांमागं एक शिक्षक असं धरलंय, ६० पर्यंत दोन, ९० पर्यंत तीन. तो आकडा शिक्षक किती द्यायचे हे ठरवायला आहे, मुलं किती परत पाठवायची हे ठरवायला नाही. एकतिसावं मूल आलं तर सरकारनं शिक्षक वाढवायचा. प्रायव्हेट शाळेला जागा संपली म्हणायचा हक्क असेल, पण जी शाळा आमच्यासाठीच काढलीय तिनं कसं म्हणायचं? तुम्हाला काय वाटतं?

खानापूरचा_मास्तर
ताई, राग समजतो, पण मी वर्गात उभा राहणारा माणूस आहे म्हणून बोलतो. कायद्यात शिक्षक वाढवायचा असं लिहिलंय हे खरं, पण तो शिक्षक जूनमध्ये येत नाही. पोरांची संख्या वर जाते, मग ज्यादा शिक्षकांच्या बदल्या, मग अतिथी शिक्षकाची मंजुरी, तोवर अर्धं वर्ष गेलेलं असतं. तोपर्यंत पन्नास पोरं एकाच बाईच्या ताब्यात. पहिलीचं पोर म्हणजे काय ते वर्गात येऊन बघा, पेन्सिल मुठीत धरतं, बाईनं मागून हात धरून दोन अक्षरं गिरवून घेतली की पुढच्याकडं जायचं, आणि शेवटच्या रांगेपर्यंत पोचेस्तोवर पहिल्या रांगेतलं पोर वही सोडून खिडकीत गेलेलं असतं. तिसावर थांबणारा हेडमास्तर त्या तीस पोरांची बाजू घेतोय, तुमच्या विरुद्ध नाही.

उचगावकर
बरोबर बोलला मास्तर. आणि ताई, कायद्यानं तुम्हाला जवळची शाळा दिलीय, इंग्रजी वर्ग दिला नाही. त्याच कायद्यात कलम २९ मध्ये लिहिलंय की शिकवणं शक्य तोवर मुलाच्या मातृभाषेत असावं. राज्यघटनेच्या ३५० अ मध्ये तर भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळायची सोय करा असं राज्याला सांगितलंय, आणि सीमाभागात आपण इतकी वर्षं त्याच्यावरच भांडतोय. तुमच्या शाळेत मराठीला जागा आहे हे हेडमास्तरनी स्वतः सांगितलंय, मग शाळा फुल्ल कुठं झाली? फुल्ल झालाय तो एक वर्ग. शेजारच्या खोलीत बाकं रिकामी ठेवायची आणि जागा नाही म्हणून ओरडायचं हे मला पटत नाही.

खानापूर_रोड_पालक
@उचगावकर मराठीवर माझं प्रेम कमी नाही, घरात आम्ही मराठीच बोलतो. पण २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं कर्नाटकाच्याच केसमध्ये सांगितलंय ना, प्राथमिक शाळेत कुठल्या भाषेत शिकायचं ते सरकारनं लादायचं नाही, आई-बापांनी ठरवायचं. मग ज्याच्याकडं पैसा आहे तो प्रायव्हेटला जाऊन निवडणार आणि आम्ही सरकारी दारातून परत यायचं, असा त्याचा अर्थ होतो का? सरकारनं स्वतः इंग्रजी वर्ग उघडला, गावभर सांगितलं, आम्ही विश्वास ठेवला, अंगणवाडीतनं काढून थेट तिथं घालायचं ठरवलं.

उचगावकर
निवडायचा हक्क आहे, मान्य. पण तुम्ही निवडलेला वर्ग सरकारनं तुमच्या दारात काढून द्यायलाच पाहिजे असं त्या निकालात नाही. आणि परिणाम बघा की, मराठीत पोरं कमी झाली की मराठी शिक्षक ज्यादा ठरतो, तो दुसरीकडं जातो, मग एकच शिक्षक सगळ्या इयत्ता बघतो, ते बघून उरलेले पालकही काढून नेतात. खानापूर तालुक्यात जंगलाकडच्या गावांत जाऊन बघा, चार-पाच पोरांच्या शाळा आहेत. सरकार बंद करतंय म्हणून मोर्चा काढायचा आणि आपलं पोर तिथं घालायचं नाही, हे कसं चालेल?

शहापूरची_आई
मराठी वर्गाबद्दल बोलताना लोक एक गोष्ट सांगत नाहीत. नलीकली म्हणजे इथल्या सरकारी शाळांतली हसतखेळत शिकायची पद्धत, त्यात पहिली दुसरी तिसरी एकत्र बसतात, कार्डं, गट, शिडी असं सगळं. चांगली बाई असली तर पोर झपाझप पुढं जातं, माझ्या थोरल्याचं तसंच झालं. तिसरीत तो पहिलीच्या पोरांना वाचून दाखवायचा. कमी पोरं आहेत म्हणून वर्ग वाईट असं नाही, उलट बाई प्रत्येकाला नावानं ओळखते. खानापूर रोडवाल्या ताई, एकदा त्या मराठी वर्गात तासभर बसून तरी या, मग ठरवा.

निपाणी_रिटर्न
एवढं डोकं कशाला लावायचं, शिक्षण हक्क कायद्यातल्या गरीब मुलांच्या पंचवीस टक्के कोट्यातून प्रायव्हेट शाळेत अर्ज करा ना.

खानापूरचा_मास्तर
@निपाणी_रिटर्न तो रस्ता आपल्याकडं जवळजवळ बंद आहे. कर्नाटकानं नियम बदलला, २०१९ पासून जवळपास सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर प्रायव्हेटला ती पंचवीस टक्के पोरं घ्यावी लागत नाहीत, आणि इथल्या हायकोर्टानं तो बदल कायम ठेवला. महाराष्ट्रानं २०२४ मध्ये तसाच बदल केला तर मुंबई हायकोर्टानं तो रद्द केला. म्हणून महाराष्ट्रातल्या चंदगडकडच्या पावण्यांनी सांगितलेलं ऐकून इथं अर्ज करायला जाऊ नका, हाती काही लागत नाही.

खानापूर_रोड_पालक
बघा, हेच मला म्हणायचंय! प्रायव्हेटचा कोटा काढून घेताना सरकारनं कारण काय दिलं, तर जवळ सरकारी शाळा आहे. आणि त्या सरकारी शाळेत गेलं की जागा नाही. दोन्ही दारं एकदम कशी बंद करता येतील? एक बंद केलं तर दुसरं उघडं ठेवायची जबाबदारी येतेच की.

खानापूरचा_मास्तर
हा मुद्दा तुमचा बिनतोड आहे, याला माझ्याकडं उत्तर नाही. फक्त तो बीईओला, म्हणजे गटशिक्षणाधिकाऱ्याला विचारा, हेडमास्तरला नको. वर्ग वाढवायचा अधिकार त्याच्या हातात नसतो.

कडोली_ते_शिनोळी
आमच्याकडं काहीजण पोरं शिनोळीला, म्हणजे महाराष्ट्रात घालतात. जवळ वाटतं, पण बघून करा. एक म्हणजे वयाची अट वेगळी, तिकडं ३१ डिसेंबर धरतात आणि इकडं १ जून, त्यामुळं ऑगस्टमध्ये सहा होणारं पोर तिकडं पहिलीत बसतं आणि नंतर दाखला घेऊन इकडं आलं की वयाचा घोळ होतो. दुसरं म्हणजे पुढं इंजिनिअरिंग-मेडिकलला महाराष्ट्रात सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी ज्या जागा आहेत त्याला दहावी-बारावी सीमाभागातल्याच शाळा-कॉलेजातून लागते. पोर लहान आहे तोवर हे कुणाच्या डोक्यात येत नाही.

वडगावचा_बापूस
मी वेगळं सांगतो, शिव्या द्या पाहिजे तर. कन्नड वर्गात घाला. २०१५ च्या कायद्यानं कन्नड तर सगळ्या शाळांत शिकवायचंच आहे, पोलीस भरती, तलाठी, केएसआरटीसी म्हणजे कर्नाटकाची एसटी, कुठंही जा कन्नड पाहिजेच. माझा भाऊ मराठीतनं शिकला, हुशार, पण सरकारी अर्ज भरायला दुसऱ्याला सोबत नेतो. पोरांनी तसं का राहायचं? घरात मराठी टिकते, आमच्या घरात टिकलीय.

उचगावकर
@वडगावचा_बापूस कन्नड भाषा शिकायला कुणाचा विरोध नाही. विषय म्हणून चांगलं शिकवा, चांगला शिक्षक द्या, पोरं शिकतील. सहा वर्षांच्या पोराला गणित परक्या भाषेत घालून नोकरीची तयारी करायची, हे मी माझ्या घरात करणार नाही. इंग्रजीबद्दलही माझं हेच म्हणणं आहे, म्हणून मघापासून सांगतोय.

शहापूरची_आई
भांडण चालू दे, पण ताईंना आत्ता काय करायचं ते पण कुणीतरी सांगा. तोंडी "फुल्ल" ऐकून परत यायचं नाही. शाळेच्या नावानं अर्ज लिहून द्यायचा, पोच म्हणून एका कॉपीवर सही-शिक्का घ्यायचा, घेत नसतील तर तोच अर्ज बीईओ ऑफिसला आवक करायचा. कायद्यानं लेखी तक्रार दिली तर स्थानिक प्राधिकरणानं तीन महिन्यांत निकाल द्यायचा असतो, नाही दिला तर वर राज्य बालहक्क आयोग आहे. आणि शाळा सुरू झाल्यावर गेलात म्हणून कुणी प्रवेश नाकारू शकत नाही, वयाचा कागद कमी आहे म्हणूनही नाही. आमच्या गल्लीत एका कामगार कुटुंबाला जन्मदाखला नाही म्हणून परत पाठवलेलं, अर्ज दिल्यावर घेतलं.

खानापूरचा_मास्तर
आणि एसडीएमसीच्या, म्हणजे शाळेच्या देखरेख समितीच्या मीटिंगला जा, ती पालकांचीच समिती आहे. किती मुलं परत गेली त्यांची नावं, वय, पत्ता अशी यादी करून ठरावाला जोडा. दुसरी तुकडी मागताना बीईओ पहिलं हेच विचारतात, मुलं किती आहेत. एकट्या पालकाच्या अर्जाला तुकडी मिळत नाही, पंचवीस पालकांच्या यादीला मिळायची शक्यता असते. शिक्षक येईपर्यंत तुकडी सुरू करू नका एवढं मात्र मी परत सांगतो.

खानापूर_रोड_पालक
मास्तर, यादीचं मी करते, त्या दोघी आयांचे नंबर आहेत माझ्याकडं, अंगणवाडीच्या बाईंकडून अजून नावं मिळतील. पण शिक्षक येईपर्यंत तुकडी नको हे मला मान्य नाही. शिक्षक मुलं बघून देतात आणि मुलं शिक्षक बघून घ्यायची म्हटलं तर दोघंही येणार नाहीत, कुणीतरी आधी बसायला पाहिजे. तोवर मुलगीला घरी ठेवणार नाही, मराठी वर्गात नाव घालतेय.

उचगावकर
घाला. पण ऑगस्टमध्ये इंग्रजी तुकडी मंजूर झाली म्हणून काढून नेणार असाल तर त्या बाईंना आजच सांगा. शिक्षकांची संख्या त्याच पटावर ठरते, आणि तुमच्यासारख्या पाच जणी निघाल्या तर तिथल्या बाकीच्या पोरांची बाई जाईल.

खानापूर_रोड_पालक
सांगते. उद्या नाव घालतानाच सांगते.