माळ पेटवणारा पारधीच, हे कुणी ठरवलं?

धुऱ्यावरचा:
परवा गटावर एक पोस्ट फिरली: 'ई-क्लास (गावची सरकारी चराईची जमीन) पेटवणारे पारधीच. गवत जळलं की हरण-तित्तर उघडे पडतात, मग शिकार सोपी. यांना उठवल्याशिवाय कळवीट वाचणार नाहीत.' खाली नुसते होकार. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

मी वाशिम जिल्ह्यातल्या कारंजा-सोहोळ या कळविटांच्या अभयारण्याच्या कडेला राहतो. सहा वर्षांत आमच्या शिवारातला माळ चारदा पेटला. चारही वेळा कडुनिंबाच्या ओल्या डहाळ्या घेऊन विझवायला धावलो. तीनदा आग धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, आली होती. पीक निघालं की धुऱ्यावरचं वाळकं गवत नको म्हणून काडी लावायची आणि भाकर खायला घरी जायचं. दुपारी वारा सुटतो आणि इस्तू माळात शिरतो. चौथी आग कुणी लावली ते मी पाहिलं नाही, म्हणून कुणाचं नावही घेत नाही.

कळविटाची मादी पाडसाला गवतात लपवून दूर चरायला जाते. पाडूस धोक्यात पळत नाही, दबून बसतं. गेल्या मार्चात आगीनंतर सकाळी गेलो, तर राखेत एक दिसलं. पाय पोटाखाली, मान जमिनीला चिकटलेली. आईनं बसवलं तसंच होतं. ते बंदुकीनं मेलं नाही, फाश्यानंही नाही.

वावरवाला:
धुरा नाई पेटवाचा तं काय कराचं ते बी सांगा ना भाऊ. गवत कापाले मजूर भेटत नाई, आन् ठेवलं तं साप-उंदीर तिथंच. माह्या बापानं पेटवला, आज्यानं पेटवला, कोण्या हरणाचा वंश बुडाला नाई. माळ जळला की गवत चांगलं फुटते, हे गुराख्याचं पोट्टं बी सांगते. तुमाले पाडूस दिसते, माही तूर नाई दिसत. बारा रोही, म्हंजे नीलगाई, एका रातीत अर्धा एकर साफ करून गेले. दोन महिने जागलीवर झोपतो मी, हातात बॅटरी आन् टिनाचा डबा.

पवन्या:
'चांगलं फुटते' यावर बोलतो, कारण गवत हा माझा जिव्हाळ्याचा विषय. दरसाल जाळलेल्या माळावर वाढते ती कुसळ. तिच्या बियाला पीळदार शेपूट असतं. ओल लागली की ते फिरतं आणि बी जमिनीत घुसवतं, म्हणून आग वरून निघून जाते. पवन्या, मारवेल ही खरी चाऱ्याची गवतं मात्र हटत जातात. कुसळ कोवळी असताना जनावर खातं, पुढं तीच मेंढीच्या तोंडात रुतते. आग वाईटच, असं मी म्हणत नाही. तुकडा जाळा, तुकडा राखा, तर हिरवा फुटवाही मिळतो आणि आडोसाही. आपल्याकडे एका दुपारी सगळा माळ जातो, भर उन्हाळ्यात, तित्तर-टिटवी अंड्यावर असताना.

फासेवाल्याचा नातू:
मी पारधी आहे. ती पोस्ट माझ्या बहिणीनं वाचून दाखवली.

माझा आजा फासे लावायचा. गाईच्या आडून सरकत माळात जायचा. फासा लागतो कुठं, तर गवतातल्या चिंचोळ्या वाटेवर, जिथून तित्तर मान खाली घालून पळतो. गवत जळालं तर वाट कुठली आणि फासा कुठला? माळ पेटला की आजा दोन दिवस जेवत नसे, एवढंच मला आठवतं. हिरव्या फुटव्यावर हरण उतरतं हे खरं. पण तिथं रात्री जीप आणि सर्चलाइट घेऊन कोण येतं, ते गावाला माहीत आहे.

आमच्यातले काही जण आजही तित्तर धरून विकतात. १९७२ च्या वन्यजीव कायद्यापासून तो गुन्हा आहे, मी झाकत नाही. पण इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं मारलेला जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का १९५२ साली कागदावरून पुसला, तुमच्या डोक्यातून कधी पुसणार?

वावरवाला:
मी पारध्याले काही बोललो नाई. माहं म्हणणं रोह्याचं हाय. डुकरासाठी, रोह्यासाठी वन खात्याची परवानगी घ्या म्हणते. अर्ज करा, पंचनाम्याची वाट पाहा, तवर हंगाम निघून जाते. भरपाई भेटली ती बियाण्याच्या बॅगेले पुरली नाई.

मेंढ्यावाला:
म्हणून कुंपणात करंट सोडता का? वाघापासून माणसापर्यंत सगळं मरते त्याच्यात. माझी चार मेंढरं गेली.

वावरवाला:
तोंड सांभाळून. माह्या चुलतभावाचा जीव दुसऱ्याच्या करंटनं गेला. सकायी पाणी लावाले गेला, वापस आला नाई. मी वावरात तार लावत नाई, आन् लावू बी देत नाई. मले करंट शिकवू नका.

मेंढ्यावाला:
चुकलं दादा. माहीत नव्हतं.
पण एक पाहा. आग लागली की हरणं उघड्यावर येतात आणि गावची कुत्री पाठीमागं लागतात. मागच्या साली जळलेल्या माळाच्या काठावर एका हरणीला पाच कुत्र्यांनी घेरलेलं मी पाहिलं, सोडवायला पोचेपर्यंत संपली होती. वरून मोटारसायकली घेऊन कळपामागं पळवणारी पोरं, व्हिडिओसाठी. गाभण हरणी धापा टाकत पडते.

पवन्या:
त्यात पळायला जागा तरी कुठं उरली? अभयारण्य आहेच १८ चौरस किलोमीटर, कळवीट अर्धा दिवस शिवारातच असतो. बाजूनं ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग गेला, दोन्ही अंगाला कुंपण. पूर्वी आग लागली की कळप हवा तिकडं सरकायचा.

धुऱ्यावरचा:
वावरवाले भाऊ, हेच तुमच्या रोह्याला लागू होतं. माळावरचा चारा-आडोसा मार्चात जळाला की रोही कुठं जाणार? गव्हात, नाहीतर उन्हाळी भुईमुगात. तुमची जागल वाढते, त्यातला एक वाटा धुऱ्यावरच्या काडीचा आहे. तूर दिवाळीपासूनच खातात, त्याला आगीचं कारण नाही, हे मान्य. भरपाईचं तुमचं म्हणणंही खरं आहे.

वावरवाला:
सगळं मले पटलं असं समजू नका. रोही आगीच्या आधी बी येत होते. पण ते राखेतलं पाडूस डोक्यातून जाऊन नाई राह्यलं. यंदा धुरा सकायी पेटवतो, वारा पडलेला असताना. फवारणीचे दोन पंप पाण्यानं भरून ठेवतो आन् इझेपर्यंत जागचा हलत नाई. एवढंच.

फासेवाल्याचा नातू:
आमचा तांडा तुमच्या शिवाराला लागूनच असेल, तर आदल्या दिवशी सांगा. चार जण येतो.

धुऱ्यावरचा:
मलाही सांगा. डहाळ्या मी आणतो.